गेम इंजिन आणि 'मॉड'

थळच्या किनाऱ्यावरून समुद्रात खांदेरी आणि उंदेरी ही बेटे दिसतात. १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी खांदेरीवर तटबंदीचे काम सुरू केले, तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी आणि जंजिऱ्याच्या सिद्दीने त्याला आरमारी विरोध केला. हा संग्राम व्हिडिओ गेममध्ये उतरवायचा, तर सारे काही मुळापासून रचावे लागेल काय? याचे उत्तर गेम इंजिनांच्या इतिहासात सापडते.

दृश्ये रेखाटणे, ध्वनी उमटवणे, वस्तूंची हालचाल व टक्कर सांभाळणे ही बहुतेक खेळांना लागणारी कामे करणारी संगणकप्रणाली म्हणजे गेम इंजिन होय. १९९३ मध्ये आयडी सॉफ्टवेअरच्या 'डूम'ने नकाशे, चित्रे व ध्वनी इंजिनापासून वेगळे काढून 'वॅड' नावाच्या फाइलींत ठेवले. त्यामुळे मूळ प्रणालीला धक्का न लावता खेळाडू स्वतःचे नकाशे जोडू लागले. तयार खेळातील अशा फेरबदलास 'मॉड' म्हणतात.

मात्र नकाशा बदलून किल्ला उभा राहील, युद्ध नव्हे. इंग्रजांची मोठी जहाजे वाऱ्यावर विसंबून होती, तर मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांच्या बळावर नाकेबंदीतून बेटावर रसद पोहोचवीत. हा फरक दाखवण्यासाठी खेळाचे नियमच बदलावे लागतात. ती मुभा १९९६ मध्ये 'क्वेक'ने 'क्वेकसी' या भाषेद्वारे दिली. 'क्वेक'च्या इंजिनात सुधारणा करून १९९८ मध्ये 'हाफ-लाइफ' तयार झाला. त्याचा मॉड म्हणून १९९९ मध्ये मिन्ह ले आणि जेस क्लिफ या दोघा हौशी तरुणांनी 'काउंटर-स्ट्राइक' रचला. पुढच्याच वर्षी मूळ खेळाच्या निर्मात्या व्हॉल्व्ह कंपनीने तो स्वतंत्र खेळ म्हणून विक्रीस आणला.

तरीही मॉड हा परक्या घरातील बिऱ्हाडकरूच. मूळ खेळ आणि त्याच्या मालकाची अनुमती यांवर त्याचे अस्तित्व अवलंबून असते. २००५ मध्ये 'युनिटी' आले, तर २०१५ मध्ये 'अनरिअल इंजिन ४' आगाऊ शुल्काविना खुले झाले. त्यामुळे हौशी रचनाकारांना स्वतंत्र घर बांधण्याचा मार्ग मोकळा झाला. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 'अनरिअल'वरच उभारलेला 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये जगभर प्रसिद्ध झाला.

तेव्हा खांदेरीच्या खेळासाठी इंजिन नव्याने घडवण्याची गरज नाही. तटबंदी, होड्या, वारा आणि भरती-ओहोटी यांचा अभ्यास मात्र आपल्यालाच करावा लागेल. तो कोणत्याही इंजिनासोबत मिळत नाही.