मांडीच्या हाडातल्या रेषांची कुळकथा

मांडीचं हाड खुब्याजवळ उभं चिरलं की आत बारीक काड्यांची जाळी दिसते. नीट पाहिलं तर तिच्यात कमानी आहेत: एक पट्टा खुब्याच्या गोळ्यातून आतल्या कडेने खाली उतरतो, दुसरा बाहेरच्या कडेने वर चढून गोळ्याकडे वळतो. १८३८ मध्ये इंग्लंडच्या फ्रेडरिक वॉर्डने या रचनेची तुलना दिवा पेलणाऱ्या ब्रॅकेटशी केली. कमानींमधली विरळ जागा आजही ‘वॉर्डचा त्रिकोण’ म्हणून ओळखली जाते.

या रेषांना गणित मिळालं ते झुरिकमध्ये, १८६६ साली. शरीररचनाशास्त्रज्ञ हेर्मान फोन मायर यांनी चिरलेल्या हाडांतली जाळी मांडून दाखवली, आणि ती कार्ल कुलमान या पूल-बांधणीच्या प्राध्यापकांच्या नजरेस पडली. भाराखाली दाब आणि ताण कोणत्या वाटांनी जातात हे रेघांनी काढून दाखवणं हाच कुलमान यांचा विषय. त्यांनी विद्यार्थ्यांकडून मांडीच्या हाडासारख्या वाकड्या क्रेनच्या रेषा काढून घेतल्या. त्या हाडातल्या जाळीशी विलक्षण जुळल्या. (आयफेल टॉवर मांडीच्या हाडावरून सुचला असं सांगतात. खरा धागा एवढाच, की टॉवरचा पहिला आराखडा काढणारे मॉरिस केश्लँ हे कुलमान यांचे विद्यार्थी होते.)

बर्लिनचे शल्यचिकित्सक युलिउस वोल्फ यांनी या जुळणीचा नियम केला आणि १८९२ मध्ये ग्रंथ लिहिला: भार बदलला की हाडाची आतली मांडणीही बदलते. रेषा सर्वत्र काटकोनातच छेदतात, हा त्यांचा आग्रह टिकला नाही. क्रेनच्या गणितात स्नायूंची ओढही धरलेली नव्हती. तरीही मला झुरिकमधला तो क्षण फार मोलाचा वाटतो, कारण हाडाची ताकद वजनात नव्हे, मांडणीत शोधायची असते हे तिथे पहिल्यांदा नीट दिसलं.

१९७० मध्ये मनमोहन सिंग या डॉक्टरांनी (माजी पंतप्रधान नव्हेत) आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी याच रेषा साध्या एक्स-रेवर वाचल्या. हाड झिजताना काड्या वाटेल तशा जात नाहीत. दुय्यम पट्टे आधी पुसट होतात, मग बाहेरच्या कडेचा, ताणाचा मुख्य पट्टा तुटतो. आतल्या कडेचा, दाबाचा मुख्य पट्टा सर्वांत शेवटी विरळ होतो. या क्रमावरून त्यांनी सहा पायऱ्या ठरवल्या. फक्त साधं एक्स-रे यंत्र असलेल्या दवाखान्यातही उपयोगी पडेल अशी ही पद्धत होती. तिच्यात एक उणीव राहिली: दोन डॉक्टर एकाच फिल्मला वेगळी पायरी देऊ शकत.

पुढे हाडातलं खनिज एक्स-रेने मोजणारं डेक्सा हे यंत्र आलं आणि आकड्यांचं राज्य सुरू झालं. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये तरुण प्रौढांच्या सरासरीपासून उणे २.५ प्रमाण विचलन ही ठिसूळ हाडांची रेघ आखली. पण डेक्सा मुख्यतः खनिजाचं प्रमाण सांगतं, आणि ज्यांची हाडं मोडतात त्यांतले अनेकजण या रेघेच्या अलीकडेच असतात. म्हणून अभियंते पुन्हा मांडणीकडे वळले. सीटी स्कॅनवरून हाडाचे असंख्य छोटे तुकडे संगणकात जोडायचे आणि त्यावर भार टाकून पाहायचा. छोट्या तुकड्यांचं हे गणित हाडासाठी १९७२ पासूनच वापरात होतं, सीटीची जोड त्याला नंतर मिळाली.

त्यातून उलगडलेली एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. खुब्याचं हाड बहुधा कुशीवर पडल्याने मोडतं, आणि तेव्हा भाराची दिशाच उलटते. चालताना खुब्याच्या गोळ्याखालच्या मानेच्या खालच्या कडेवर दाब येतो, म्हणून ती जाड राहते. वरची कड वयाबरोबर पातळ होत जाते, आणि कुशीवर पडताना दाब नेमका तिच्यावर येतो. त्यामुळे आता संगणकातलं हाड उभ्या स्थितीत तपासून थांबत नाहीत, ते कुशीवर पाडूनही पाहतात.