कमानीखालची जमीन कुणाची?

मालेगावच्या बाजारात अचानक सर आली की आपण काय करतो? जवळच्या दुकानाच्या पायरीवर चढतो आणि पत्र्याखाली उभे राहतो. दुकानदार सहसा काही बोलत नाही. पण ती जागा त्याची की आपली? हाच प्रश्न मुंबईच्या हॉर्निमन सर्कलला विचारून बघू.

एशियाटिकच्या पायऱ्यांवर उभे राहा. समोर गोल बाग, तिच्याभोवती वळत गेलेल्या इमारती, तळमजल्याला ओळीने कमानी. दर्शनी भाग सगळ्यांचा एकसारखा. इथे आपण पटकन लिहून टाकतो, ‘युरोपीय धाटणीची वसाहतकालीन वास्तू’. चूक नाही, पण यात संशोधन कुठे आहे?

आता थोडे मागे जा. इथे पूर्वी ‘बॉम्बे ग्रीन’ हे कोटातले मोकळे मैदान होते. 1844 पर्यंत कापसाचा व्यापार इथेच चाले, मग तो कुलाब्याला हलला. पुढे पोलीस आयुक्त चार्ल्स फोर्जेट यांनी मैदानाच्या जागी गोल चौकाची कल्पना मांडली. 1860 च्या दशकात, म्हणजे अमेरिकेतल्या यादवीमुळे मुंबईत कापसाचा पैसा खेळत होता त्या काळात, पालिकेने जागा घेतली, भूखंड पाडले आणि व्यापारी कंपन्यांना नफ्याने विकले. 1872 मध्ये बागही पूर्ण झाली. चौकाला नाव मिळाले गव्हर्नर एल्फिन्स्टन यांचे. स्वातंत्र्यानंतर ते पत्रकार बेंजामिन हॉर्निमन यांचे झाले.

गंमत बघा, मालक अनेक आणि चेहरा एक. असे आपोआप होत नाही, ते आधी ठरवावे लागते.

तिथून हॉर्नबी रोडला, म्हणजे आजच्या दादाभाई नौरोजी रस्त्याला या. 1896 च्या नियमाने इथे पादचाऱ्यांसाठी तळमजल्यावर कमानींचा रस्ता सक्तीचा झाला. वरचे मजले मात्र ज्याचे त्याने हवे तसे बांधले. म्हणून इथे इमारती वेगवेगळ्या दिसतात, पण पावसात आपण आडोशाने चालत राहतो. एका ठिकाणी पूर्ण चेहरा बांधून दिलेला, दुसऱ्या ठिकाणी फक्त वाट.

तेव्हा शैलीचे प्रकरण शेवटी लिहा. आधी विचारा: जमीन कुणी विकली, कुणी घेतली, नियम कुणी घातला आणि खालून चालतो कोण?

मग सिटी सर्व्हेचा नकाशा आणि मिळकत पत्रिका घेऊन आपल्या बाजारातल्या त्या पायरीवर परत या. तुमचा विषय कदाचित तिथेच उभा असेल.