जखम कुणाच्या खात्यात?

१६५९ साली अफझलखानाचे संकट निवारल्यावर शिवाजी महाराजांनी आपल्या माणसांसाठी काय केले, ते सभासदाच्या बखरीत नोंदलेले आहे. लढाईत पडलेल्यांच्या मुलांचे चालवले, मुलगा नसेल तर विधवेला निम्मे वेतन लावून दिले आणि जखमींना जखम पाहून पंचवीसपासून दोनशे होनांपर्यंत रक्कम दिली. निकष एकच, जखम केवढी! ती कशाने झाली, हे विचारण्याचे कारणच नव्हते.

आधुनिक फौजेत मात्र तोच प्रश्न मोठा झाला. सैनिकाचे शरीर केवळ गोळीनेच खचते असे नाही. उंचावरची थंडी, तोफांचा आवाज, घरापासूनची वर्षे यांचीही किंमत त्याला मोजावी लागते. पण हे नुकसान नोकरीच्या खात्यात मांडायचे की नशिबाच्या? सेनेच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन नियमांनी दोन अटी घातल्या. अपंगत्व किमान २० टक्के हवे आणि ते सेवेमुळे आलेले किंवा सेवेमुळे वाढलेले हवे. वाद होतो तो दुसऱ्या अटीवर.

१९८२ च्या नियमांनी सैनिकाला मोठा आधार दिला. हक्क सिद्ध करण्याचा भार त्याच्यावर नाही, रास्त शंका असेल तर तिचा फायदाही त्यालाच. तरीही वैद्यकीय मंडळाच्या 'सेवेशी संबंध नाही' एवढ्या शेऱ्यावर दावे फेटाळले जात राहिले. धरमवीर सिंग हे जवान १९८५ साली भरती झाले. फिट्‌सच्या आजारामुळे १९९४ मध्ये त्यांना घरी पाठवण्यात आले. अपंगत्व २० टक्के, पेन्शन नाही! अखेर २ जुलै २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल, तर तो सेवेमुळेच आला असे गृहीत धरायचे; तसे नसल्यास मंडळाने कारणे द्यायची, असे न्यायालयाने सांगितले.

बुराईकाठच्या शिंदखेड्यातल्या माजी सैनिकाला या इतिहासाचा उपयोग काय? पत्र्याच्या पेटीतले भरतीच्या तपासणीचे आणि वैद्यकीय मंडळाचे कागद हीच त्याची खरी साक्ष आहे. ते जपून ठेवावेत. अर्जासाठी धुळ्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घ्यावी. दावा नाकारला गेला, तर आधी खात्यात अपील करावे. तिथेही दाद लागली नाही, तर २००७ च्या कायद्याने स्थापन झालेले सशस्त्र सेना न्यायाधिकरण आहे. त्याचे खंडपीठ मुंबईत आहे. मात्र आपण निवृत्त कधी झालो, ते आधी पाहावे. २१ सप्टेंबर २०२३ नंतर निवृत्त झालेल्यांना नवे नियम लागू आहेत, त्याआधीच्यांना जुनेच.

फौजेने धडधाकट तपासून घेतलेला मुलगा अधू होऊन परतला, तर जाब कुणी द्यायचा? धडधाकट असल्याचा शेरा ज्यांनी मारला, त्यांनीच. न्यायालयाने २०१३ मध्ये सांगितले ते एवढेच.