पेव आणि पेशी

सातारा-सांगलीकडच्या मंडळींना हरिपूरचे पेव काय सांगावे? हळद त्यात वर्षानुवर्षे टिके. पण पेव उघडलेच नाही, तर ती काय कामाची?

आजाऱ्याच्या पेशीत निरोगी जनुक नेण्यातही हीच अडचण. विषाणूच्या पाठीवरून नेले, तर शरीर त्यावर उलटू शकते. म्हणून पॉलिमर, म्हणजे रेणूंची लांब साखळी, पुढे आली. जनुकाचा विद्युतभार ऋण, हिचा धन. ती त्याला घट्ट कवटाळते.

१९९५ साली फ्रान्समध्ये बेर व सहकाऱ्यांनी पॉलिएथिलिनइमाइन वापरले. जनुक पोचले, पण त्या जबर भाराने पेशीच दगावू लागल्या. २००० साली अमेरिकेत लिन व लँगर यांनी पाण्याने हळूहळू तुटणारी साखळी केली.

जपावे आणि वेळेवर सोडावेही, हे दोन्ही जमले तरच ते औषध. नाहीतर नुसते बंद पेव!