भ्रमणध्वनी प्रणाली, डोकोमोची
जपानमधील एनटीटी डोकोमो या दूरसंदेशवहन कंपनीने आपल्या तिसऱ्या पिढीच्या भ्रमणध्वनी संचांसाठी पुरस्कारलेली समान आज्ञावली-व्यवस्था. ‘मोआप’ या संक्षिप्त नावाने ती ओळखली जाते. संचातील संचालन प्रणाली कोणती असावी, हे संच बनविणाऱ्याने नव्हे, तर सेवा पुरविणाऱ्या कंपनीने ठरविल्याचे हे एक ठळक उदाहरण होय.

पूर्वपीठिका : एनटीटी या मूळ कंपनीपासून वेगळी झालेली डोकोमो १९९२ मध्ये प्रत्यक्ष सेवा देऊ लागली. जपानमध्ये सेवाकंपनी उत्पादकांकडून संच विकत घेई आणि स्वतःच्या नावाने ते ग्राहकांना विकी. उत्पादकाची ओळख संचाच्या क्रमांकामागील अक्षरापुरतीच उरे. उदा., ‘एन’ म्हणजे एनईसी, ‘पी’ म्हणजे पॅनासॉनिक, ‘एफ’ म्हणजे फुजित्सू. २२ फेब्रुवारी १९९९ रोजी डोकोमोने ‘आय-मोड’ ही सेवा सुरू केली. तीमुळे पत्रव्यवहार, बातम्या, तिकिटांची नोंदणी, बँकेचे व्यवहार इ. गोष्टी भ्रमणध्वनीवर शक्य झाल्या. माहिती पुरविणाऱ्या संस्थांचे शुल्क डोकोमो आपल्या देयकातच वसूल करी व त्यातील थोडा भाग स्वतःकडे ठेवी. सेवा व संच यांचा मेळ एकाच हाती असणे, हे या यशाचे मर्म होते.

समान प्रणालीची गरज : आरंभीच्या संचांत प्रामुख्याने आयट्रॉन ही प्रणाली वापरीत. टोकिओ विद्यापीठातील केन साकामुरा यांनी १९८४ मध्ये सुरू केलेल्या ट्रॉन प्रकल्पातून ती निर्माण झाली. यंत्रातील प्रत्येक क्रिया नेमक्या क्षणी घडवून आणण्यास ती उत्तम होती; परंतु तिच्यावरील उर्वरित आज्ञावली प्रत्येक उत्पादक स्वतंत्रपणे लिहीत असे. १ ऑक्टोबर २००१ रोजी डोकोमोने ‘फोमा’ ही तिसऱ्या पिढीची सेवा सुरू केली. आता छायाचित्रण, चलच्चित्र-संभाषण, खेळ यांची भर पडल्याने आज्ञावलींचा व्याप अतोनात वाढला. एकच काम अनेक कारखान्यांत पुनःपुन्हा केले जाऊ लागले आणि त्याचा खर्च शेवटी संचाच्या किंमतीतच मिळविला जाई.

स्वरूप : यावर उपाय म्हणून डोकोमोने लिनक्स व सिंबियन या दोन प्रणालींचा पुरस्कार केला. एनईसी व पॅनासॉनिक यांनी लिनक्सचा, तर फुजित्सू, मित्सुबिशी, शार्प इत्यादींनी सिंबियनचा अवलंब केला. पाया दुहेरी असला, तरी त्यावरील मोआप या थराची आखणी डोकोमोच्या सेवांना अनुसरूनच होती. त्यामुळे संच कोणाचाही असला, तरी आय-मोड व इतर सेवा सारख्याच रीतीने वापरता येत. २००४ पासून रेनेसास या अर्धसंवाहक कंपनीच्या सहकार्याने संदेशवहन व उपयोजने या दोन्हींची कामे एकाच चकतीवर आणण्याचे प्रयत्नही झाले. समान पाया आयता मिळाल्याने उत्पादकांचे श्रम वाचले.

मर्यादा व अस्त : या बचतीची किंमत मात्र उत्पादकांनाच मोजावी लागली. मोआप डोकोमोच्या सेवांशी इतकी जखडलेली होती की, तीवर आधारलेला संच जपानबाहेर जसाच्या तसा विकणे शक्य नव्हते. इतरत्र न आढळणाऱ्या जीवजातींच्या गालापागोस बेटांवरून अशा संचांना जपानी लोक ‘गाराकेई’ म्हणू लागले. शिवाय, मोआपसाठी बाहेरच्या आज्ञावलीकारांना मोकळीक नव्हती; त्यांची उपयोजने डोकोमोने आखून दिलेल्या जावा-कक्षेतच चालत.

ही उणीव दूर करण्याच्या हेतूने डोकोमोने २००७ मध्ये इतर कंपन्यांसह लिमो फाउंडेशन ही संस्था स्थापण्यात भाग घेतला. २००८ मध्ये नोकियाने सिंबियन कंपनी ताब्यात घेण्याचे ठरविले, तेव्हा मोआपचा सिंबियन-भाग खुल्या सामायिक प्रणालीत विलीन करण्याची योजनाही पुढे आली. पण त्याच वर्षी सॉफ्टबँक या प्रतिस्पर्धी कंपनीने जपानमध्ये आयफोन आणला. २००९ मध्ये डोकोमोनेही अँड्रॉइड प्रणालीचा पहिला संच विक्रीस काढला आणि २०१३ मध्ये आयफोन स्वीकारला. टायझेन ही आणखी एक प्रणाली आणण्याचा बेत तिने जानेवारी २०१४ मध्ये लांबणीवर टाकला. दरम्यान मित्सुबिशीने २००८ मध्ये या व्यवसायातून अंग काढून घेतले. एनईसी व पॅनासॉनिक यांनी २०१३ मध्ये सर्वसाधारण ग्राहकांसाठी स्मार्टफोन बनविणे थांबविले. फोमा व आय-मोड या सेवा बंद करण्यासाठी ३१ मार्च २०२६ ही तारीख डोकोमोने २०१९ मध्ये जाहीर केली.

समान प्रणालीची डोकोमोची कल्पना चुकीची ठरली नाही. पुढे जगभर दोनच प्रणाली प्रबळ झाल्या. मात्र त्या ठरविण्याचा अधिकार सेवाकंपनीकडे राहिला नाही. तो प्रणालीच्या निर्मात्यांकडे, म्हणजे गूगल व ॲपल यांच्याकडे गेला. एका देशातील एका जाळ्यापुरती केलेली एकवाक्यता जगाच्या बाजारपेठेत अपुरी पडते, हे या इतिहासावरून दिसून येते.