पहाटेच्या कळेचा माग

वॉर्डात राउंड घेताना शिकाऊ डॉक्टरांना मी आधी एकच विचारते : कळ आली तेव्हा पेशंट काय करत होता? जिना चढताना आली आणि थांबल्यावर ओसरली, तर हृदयाच्या धमनीत अडथळा असल्याचा संशय बळावतो. विल्यम हेबर्डेन यांनी १७७२ साली लंडनमध्ये वर्णन केलेलं दुखणं हेच. चालताना, त्यातही चढावर आणि जेवणानंतर येणारं.

पुढे जवळपास दोनशे वर्षं श्रमाची कळ हीच हृदयाच्या दुखण्याची मुख्य खूण ठरली. धमनी मध्येच आवळत असेल, असं काहींना वाटे. पण पुरावा नव्हता. १९५९ साली लॉस एंजेलिसच्या मायरन प्रिन्झमेटल यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे पेशंट नोंदवले. त्यांना कळ यायची ती विश्रांती घेताना, पुष्कळदा रोज ठरावीक वेळी. श्रमाच्या कळेत ईसीजीची एसटी रेषा सहसा खाली उतरते. इथे ती वर चढायची आणि कळ थांबली की जागेवर यायची.

डोळ्यांनी पाहण्याची सोय अँजिओग्राफीने केली. १९७३ साली अमेरिकेत ओलिव्हा आणि सहकाऱ्यांनी या दुखण्यातलं धमनीचं आवळणं चित्रात पकडून प्रसिद्ध केलं. इटलीत पिसा इथे अत्तिलिओ मासेरी यांनी तो धागा पुढे नेला. हे दृश्य कॅथलॅबमध्ये आजही दिसतं. डाय सोडला की धमनी एका जागी दोऱ्याएवढी बारीक दिसते; तिच्यात नायट्रोग्लिसरीन सोडलं की थोड्याच वेळात पूर्ववत रुंद होते. साचलेल्या चरबीचा अडथळा असा विरघळत नाही. मात्र जिभेखाली ठेवायच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीने दोन्ही कळा थांबू शकतात, म्हणून गोळीच्या गुणावरून निदान करू नये. शिवाय अडथळा असलेली धमनीही त्याच जागी आवळू शकते.

कळ नसताना काढलेली अँजिओग्राफी स्वच्छ येऊ शकते. म्हणूनच जपानमधल्या कुमामोतोच्या हिरोफुमी यासुए यांच्या गटाने १९८६ साली धमनीत अ‍ॅसिटिलकोलिन सोडून, डॉक्टरांच्या देखरेखीत आवळणं घडवून दाखवलं.

हा फरक पेशंटच्या जिवाशी निगडित आहे. आवळणाऱ्या धमनीला डिल्टियाझेमसारखी औषधं लागू पडतात; प्रोप्रॅनोलॉलने त्रास वाढू शकतो. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, काळजी करू नका’ असं सांगून पहाटे छाती धरून उठणाऱ्या माणसाला घरी पाठवणं मला मान्य नाही. त्याला कळेची वेळ विचारा, सतत ईसीजी नोंदवणारं होल्टर यंत्र लावा, कळ चालू असतानाचा ईसीजी मिळवा. प्रिन्झमेटल यांनाही वाट सापडली ती तिथूनच.