टाकी जमिनीखाली गेली आणि नजरेआड झाली

त्र्यंबक रोडवर पेट्रोल भरताना मी मीटर शून्यावर आहे का ते बघतो, क्यूआर स्कॅन करतो आणि निघतो. पायाखाली हजारो लिटरची टाकी पुरलेली आहे, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. पण सातपूरला आमच्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरवेलवर भिस्त असते. एका मे महिन्यात प्रश्न पडला: ही टाकी गळली तर कळणार कुणाला?

उत्तर शोधायला इतिहासात शिरावं लागलं.

टाकी जमिनीखाली गेली ती आगीच्या भीतीने. आपला पेट्रोलियम कायदा १९३४ चा. त्याची मुख्य काळजी आग आणि स्फोट. पंपाच्या टाक्यांना परवाना देणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या नावात आजही ‘स्फोटक सुरक्षा’ हे शब्द आहेत आणि तिचं मुख्यालय आपल्या नागपूरला आहे. जलप्रदूषणाचा कायदा आला थेट १९७४ मध्ये. मधल्या ४० वर्षांत, १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि सातपूरची वसाहत उभी राहू लागली. आगीचा बंदोबस्त आधी झाला, पाण्याचा विचार नंतर.

जगातही तेच घडलं. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर पुरलेल्या साध्या पोलादी टाक्या दोन-तीन दशकांत गंजल्या. १९७७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका पंपाच्या गळतीमुळे प्रोव्हिन्सटाउन गावाला पाणी देणाऱ्या विहिरी बंद ठेवाव्या लागल्या. १९८४ मध्ये कायदा झाला, १९८६ मध्ये सफाईसाठी स्वतंत्र निधी आला. मग तपासायला लागल्यावर कळलं की आजवर गळत्या निघाल्या साडेपाच लाखांहून जास्त! गळत्या आधीही होत्याच, फक्त कुणी मोजत नव्हतं.

थोडी गळती काय बिघडवणार, असं वाटत असेल तर हा हिशोब बघा. आपल्या पेट्रोलमध्ये बेन्झीन जास्तीत जास्त १ टक्का चालतं. म्हणजे लिटरमागे १० मिली, साधारण पावणेनऊ ग्रॅम. बेन्झीनने कॅन्सर होतो. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्यातली मर्यादा आहे लिटरला १० मायक्रोग्रॅम. भागाकार केला तर एका लिटर पेट्रोलमधलं बेन्झीन पावणेनऊ लाख लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. प्रत्यक्षात बरंचसं उडून जातं, काही जिवाणू खातात. तरीही आकडा विसरता येत नाही.

त्यात आपला खडक बेसाल्ट. वाळूत पेट्रोल बऱ्यापैकी सरळ पसरतं. काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून आणि दोन थरांमधल्या फटींमधून फिरतं, आणि पेट्रोल त्याच वाटेने जातं. शेजारची विहीर स्वच्छ आणि लांबची नासलेली, असं होऊ शकतं. पेट्रोल पाण्यावर तरंगतं. पावसाळ्यात भूजल वर आलं की तेही वर येतं, उन्हाळ्यात खाली उतरताना खडकाला चिकटून राहतं.

म्हणून तपास म्हणजे आधी निरीक्षण विहिरी घेणं आणि भूजलाचा उतार ओळखणं. मग तरंगतं इंधन उपसायचं, मातीतली वाफ पंपाने ओढायची, पाण्यात हवा सोडायची, उरलेलं जिवाणूंवर सोपवायचं. यात वर्षं जातात. २०१३ मध्ये चेन्नईच्या तोंडियारपेटमध्ये बोअरवेलच्या पाण्याला इंधनाचा वास येऊ लागला, ते याचं आपल्या देशातलं उदाहरण. तिथे गळत होती तेलवाहिनी, टाकी नव्हे. पण जमिनीखालची गोष्ट तीच. प्रकरण हरित लवादापर्यंत गेलं, आयआयटी मद्रासच्या तज्ज्ञांनी अभ्यास केला. वास पहिल्यांदा आला होता तो तिथे राहणाऱ्यांना.

जानेवारी २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने नव्या पंपांसाठी नियम आणले: शाळा, दवाखाने, घरं यांपासून ५० मीटर अंतर, गळतीची माहिती देणं वगैरे. जुन्या टाक्या मात्र आधीपासूनच जमिनीत आहेत.

गळती पकडण्याचं सगळ्यात साधं हत्यार अजूनही डिपरॉड आहे. टाकीत काठी बुडवायची, पातळी वाचायची, विक्रीशी ताळा घालायचा. फरक आला तर तो तापमानामुळे की गळतीमुळे, हे एका दिवसात कळत नाही. रोज एकाच दिशेने थोडं थोडं कमी भरू लागलं, तर मात्र शंका घ्यावी. आम्ही सर्व्हरची मेमरी लीक अशीच पकडतो. फरक एवढाच, की सर्व्हर रीस्टार्ट करता येतो.

आमच्या बोअरवेलचं पाणी तपासतात ते क्षार आणि कडकपणासाठी. पुढच्या सोसायटी मीटिंगमध्ये मी बेन्झीनचीही चाचणी मागणार आहे.